कोण कोणाला का आवडते?

परळी वैजनाथहून अंबाजोगाई जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहे. या दोन गावांना जोडणारी एक कथा आमच्या भागात लहानथोर सगळ्यांना ठाऊक असते. अंबाजोगाईची योगेश्वरी मूळची कोकणातली. परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले. वऱ्हाड निघाले, अंबाजोगाईपर्यंत पोचले, पण तेवढ्यात मुहूर्त टळला. देवी तिथेच राहिली, कुमारिका म्हणून. वऱ्हाडाचे दगड झाले. अंबाजोगाईची हत्तीखान्याची लेणी दाखवून आजही लोक ही गोष्ट सांगतात.

कथेत लग्न आहे, वऱ्हाड आहे, मुहूर्त आहे. त्या दोघांना एकमेकांविषयी काय वाटत होते, हे मात्र कथा सांगत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही. आपल्याकडच्या खऱ्याखुऱ्या सोयरिकींतही हा प्रश्न बहुतेक वेळा शेवटी येतो, किंवा येतच नाही. शाळेत मात्र तो रोज आपल्यासमोर येऊन उभा राहतो.

आम्ही परळीत आणि आसपासच्या गावांत शिकवणारे काही शिक्षक. कुणी विज्ञान शिकवते, कुणी गणित, कुणी मराठी. पण आठवीच्या पुढच्या वर्गांवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती कधी ना कधी एखादी चिठ्ठी येतेच. वहीच्या पानाची घडी, आत लाल पेनाने काढलेला बदाम. अलीकडे चिठ्ठीची जागा मोबाइलवरच्या निरोपाने घेतली आहे, एवढाच फरक. पुढे काय होते तेही जणू ठरलेले असते. मुलाला चार तडाखे बसतात, पालकांना बोलावणे जाते. मुलीचे मात्र तेवढ्यावर भागत नाही. तिची शाळा सुटते आणि येत्या लग्नसराईत तिच्या डोक्यावर अक्षता पडतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. सबंध महाराष्ट्राचा आकडा याच्या निम्मा, म्हणजे सुमारे २२ टक्के होता. यामागे चिठ्ठी हे एकच कारण अर्थातच नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न झाले की कोयता पुरा होतो. शिवाय आईबाप पाच-सहा महिने बाहेर, मग वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? या काळजीच्या तळाशी एक धास्ती असते: पोरीचे पाऊल वाकडे पडले तर? म्हणजे धास्ती असते ती आकर्षणाची.

ज्याची एवढी धास्ती घ्यायची ते आकर्षण नेमके असते तरी काय? ते कशातून निर्माण होते? त्याला प्रेम म्हणावे का? गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे मानसशास्त्रज्ञ या प्रश्नांमागे आहेत. त्यांना काय सापडले ते पाहू या.

शेजारचे दार, शेजारचे बाक

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने विवाहित विद्यार्थ्यांसाठी घरे बांधली. दोन मजली इमारती, प्रत्येक मजल्यावर ओळीने पाच घरे. कोणाला कोणते घर मिळेल हे ज्याच्या त्याच्या निवडीवर नव्हते. लिओन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुटुंबांना विचारले की तुमची जास्त ऊठबस कोणाशी आहे? १९५० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे उत्तर मजेशीर होते. अगदी शेजारच्या दारातल्या माणसांपैकी ४१ टक्के मित्र म्हणून निवडली गेली होती. एक घर सोडून राहणाऱ्यांपैकी २२ टक्के, आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांपैकी फक्त १० टक्के. मधले अंतर होते थोड्याशा पावलांचे!

१९७४ सालच्या एका अभ्यासात तर हे काम हजेरीपटाने केले. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात मुलांना आडनावाच्या आद्याक्षरानुसार खोल्या आणि वर्गातल्या जागा दिल्या होत्या. काही महिन्यांनी त्यांना जवळच्या मित्रांची नावे विचारली, तर बऱ्याच जणांचे मित्र हजेरीपटावर त्यांच्या मागचे-पुढचेच निघाले.

तेव्हा 'हजारांत हीच का आवडली?' या प्रश्नाचे पहिले उत्तर अगदी साधे आहे. ती हजारांत नव्हती. ती शेजारच्या रांगेत होती, एकाच शिकवणीला होती, किंवा एकाच एसटीने येत होती. आपण ज्याला योगायोग म्हणतो त्याचा बराच भाग बैठकव्यवस्थेत असतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपली वस्ती, गल्ली, पंगत, सोयरिक हे सगळे जातीप्रमाणे वाटलेले आहे. शेजार आधीच गाळून घेतलेला असतो. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशातली जेमतेम ५ टक्के लग्ने आंतरजातीय निघाली. वेगवेगळ्या घरांतली मुले-मुली रोज सहा तास एकमेकांजवळ बसतात अशी खेड्यातली जागा एकच, ती म्हणजे शाळा. त्यामुळे शाळेतल्या चिठ्ठीने घर एवढे का हादरते, हे समजायला वेगळ्या सिद्धान्ताची गरज नाही.

डोळ्यांची सवय

शेजार असला की आवड का निर्माण व्हावी? रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये याचे एक उत्तर दिले. त्यांनी लोकांना निरर्थक शब्द, अनोळखी लिपीतल्यासारखी चिन्हे आणि अपरिचित चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. काही एकदा, काही पंचवीस वेळा. जी गोष्ट जास्त वेळा नजरेखालून गेली, ती लोकांना जास्त बरी वाटली. दुसरे काहीही कारण नव्हते. नुसत्या परिचयाने आवड वाढते.

हाच प्रयोग १९९२ साली रिचर्ड मोरलंड आणि स्कॉट बीच यांनी वर्गात केला. साधारण सारख्या दिसणाऱ्या चार तरुणी विद्यार्थिनी असल्यासारख्या वर्गात येऊन बसत. एक सत्रभरात पंधरा वेळा आली, दुसरी दहा वेळा, तिसरी पाच वेळा आणि चौथी एकदाही नाही. त्यांनी कोणाशी बोलायचे नाही असे ठरले होते. सत्राच्या शेवटी मुलांना चौघींची छायाचित्रे दाखवली. जी जास्त वेळा आली होती, ती मुलांना जास्त आवडली. गंमत म्हणजे 'हिला आम्ही ओळखतो' असे मात्र फारसे कोणी म्हणाले नाही.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पहिल्यांदाच जी व्यक्ती नकोशी वाटली, ती वारंवार समोर आल्याने हवीशी होत नाही. उलट नावड वाढू शकते. बस स्टँडवर रोज ताटकळून, मागे सायकल घालून मुलगी 'पटते' असे ज्या मुलांना वाटते, त्यांना हा अपवाद जरूर सांगावा.

फार जवळ असले तर?

जवळ राहण्याने आवड वाढते, तर मग एका घरात वाढणाऱ्या भावाबहिणींत आकर्षण का नसते? फिनलंडचे समाजशास्त्रज्ञ एडवर्ड वेस्टरमार्क यांनी १८९१ मध्ये म्हटले होते की अगदी लहानपणापासून जी मुले एकत्र वाढतात, त्यांना मोठेपणी एकमेकांविषयी लैंगिक ओढ वाटत नाही. मग त्यांच्यात रक्ताचे नाते असो की नसो.

याचा पडताळा इस्राएलमधल्या किबुत्झ वसाहतींत मिळाला. तिथे निरनिराळ्या घरांतली मुले तान्हेपणापासून एकाच बालगृहात वाढत. मोठेपणी त्यांनी आपसांत लग्न करायला कुणाचीच हरकत नव्हती. जोसेफ शेफर यांनी १९७१ मध्ये अशा वसाहतींत वाढलेल्यांच्या २७६९ लग्नांची नोंद तपासली. एकाच गटात वाढलेल्यांची लग्ने पंधराही नव्हती, आणि पहिली सहा वर्षे अखंड एकत्र वाढलेले तर एकही जोडपे सापडले नाही.

हे वाचल्यावर आम्हाला आपल्याकडचे मामाचे घर आठवले. मराठी मुलखात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची जुनी रीत आहे. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या आपल्या १९५३ च्या ग्रंथात तिची सविस्तर चर्चा केली आहे. याच घरांत चुलत बहिणीशी लग्नाचा विचारही कुणाच्या मनाला शिवत नाही. रक्ताचे नाते मोजले तर दोन्ही बहिणी सारख्याच जवळच्या. फरक आहे तो वाढण्यात. चुलत भावंडे एका वाड्यात, एका अंगणात वाढतात. मामाची मुलगी दुसऱ्या गावात असते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती भेटते. ओळख असते, पण रोजची सवय नसते. अर्थात कुळाचे नियम, जमीनजुमला, 'पोर घरच्याच माणसात पडली' हे समाधान, ही कारणेही या रीतीमागे आहेत. आणि इतक्या जवळच्या नात्यात लग्न झाले की मुलांमध्ये आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, हे विज्ञानाच्या शिक्षकाने सांगायलाच हवे. पण ओळख आणि आकर्षण यांचे नाते सरळ रेषेसारखे नाही, हे पाहायला हे उदाहरण चांगले आहे.

छातीत धडधडते ते कशाने?

कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीवर एक झुलता पूल आहे. लांबी सुमारे १३७ मीटर, खाली सत्तर मीटरवर खडक आणि पाणी. डोनाल्ड डटन आणि आर्थर अॅरन यांनी १९७४ मध्ये इथे एक प्रयोग केला. पूल ओलांडणाऱ्या तरुणांना एक तरुणी भेटे, एका चित्रावरून छोटी गोष्ट लिहून घेई आणि 'अभ्यासाविषयी आणखी काही हवे असेल तर फोन करा' म्हणून नंबर देई. तीच तरुणी जवळच्या एका बुटक्या, भक्कम लाकडी पुलावरही हेच करी. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी फोन केला. भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त दोघांनी.

डटन आणि अॅरन यांचे स्पष्टीकरण असे. झुलत्या पुलावर भीतीने छाती धडधडत होती, तळहाताला घाम सुटला होता. समोर तरुणी होती. मनाने त्या धडधडीचा संबंध पुलाऐवजी तिच्याशी जोडला. शरीर फक्त धडधड कळवते. ती कशाची, हे मन आजूबाजूला बघून ठरवते आणि कधी कधी चुकते. या स्पष्टीकरणावर पुढे बरेच वाद झाले. समोरची व्यक्ती मुळातच अजिबात आवडत नसेल तर धडधडीने नावड वाढते, असेही नंतरच्या प्रयोगांत दिसले. पण शरीरातली खळबळ आधीच्या भावनेला धार आणते, एवढे बऱ्याच अभ्यासांतून पुढे आले आहे.

आता आपल्या मुलांकडे पाहा. महाशिवरात्रीच्या यात्रेतला आकाशपाळणा, गर्दीत नजर चुकवून केलेले चार शब्दांचे बोलणे, 'सर बघतील' ही भीती. धडधडायला कारणे पुष्कळ असतात, पण मुले त्या सगळ्याला एकच नाव देतात.

मग आईबापांच्या विरोधाने प्रेम पेटून उठते, हे खरे का? १९७२ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात तसे दिसले होते आणि त्याला रोमिओ-ज्युलिएट परिणाम असे नावही मिळाले. पण २०१४ मध्ये हा अभ्यास जास्त माणसांवर पुन्हा केला तेव्हा तसे काही आढळले नाही. घरच्यांची आणि मित्रांची साथ असलेल्यांचे नातेच जास्त घट्ट निघाले. सिनेमात विरोध कामाचा असतो, संसारात पाठिंबा.

मेंदूतली भूक

२००५ मध्ये हेलन फिशर, आर्थर अॅरन, ल्यूसी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या १७ जणांच्या मेंदूची चित्रे घेतली. प्रिय व्यक्तीचा फोटो पाहताच मेंदूच्या तळाकडचा एक लहानसा भाग जागा होई. डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी तिथे असतात. काहीतरी हवेसे वाटणे, त्याच्या मागे धावणे, मिळाले की पुन्हा हवे होणे, हे सगळे या यंत्रणेचे काम. म्हणजे प्रेमात पडणे हे मेंदूच्या दृष्टीने नुसत्या भावनेपेक्षा भुकेच्या किंवा तहानेच्या जास्त जवळ आहे. म्हणूनच 'तिचा विचार सोड आणि अभ्यासाला लाग' हा उपदेश लागू पडत नाही. भुकेल्याला भुकेचा विचार करू नकोस म्हटल्यासारखे ते होते.

वयात येताना ही यंत्रणा जोरात असते. तिला आवर घालणारा, पुढचा-मागचा विचार करणारा कपाळामागचा मेंदूचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. पंधराव्या वर्षी गाडीचे इंजिन तयार असते, ब्रेक अजून बसवायचे असतात. यात मुलांचा दोष नाही आणि तुमच्या-माझ्या वेळचे काही वेगळे नव्हते.

प्रेमभंगाचे दुःखही खरे असते. २०११ मध्ये ईथन क्रॉस यांनी नुकताच नकार पचवलेल्या ४० जणांवर अभ्यास केला. दुरावलेल्या व्यक्तीचा फोटो पाहताना त्यांच्या मेंदूतले जे भाग जागे झाले, त्यांतले काही हाताला चटका बसल्यावर जागे होणाऱ्या भागांशी जुळत होते. मन दुखते हे नुसते बोलण्यापुरते नाही. तेव्हा 'या वयात कसले आलेय दुःख' असे हसण्यावारी नेऊ नये. अशा दिवसांत मूल गप्प झाले, खाईनासे झाले, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नये.

आकर्षण म्हणजेच प्रेम का?

रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी १९८६ मध्ये प्रेमाचा एक त्रिकोण मांडला. फळ्यावर काढून दाखवता येईल इतका तो सोपा आहे. एका कोपऱ्यावर ओढ: शरीराची, नजरेची, धडधडीची. दुसऱ्यावर जवळीक: एकमेकांशी मोकळेपणी बोलता येणे, सुखदुःख कळणे. तिसऱ्यावर बांधिलकी: हे नाते टिकवायचे हा निर्णय.

ओढ पटकन येते आणि तिचा पहिला जोर सहसा पुढे ओसरतो. जवळीक हळूहळू वाढते, कारण माणूस कळायला वेळ लागतो. बांधिलकी हा तर निर्णय आहे. तो घ्यायला समज लागते आणि मोकळीकही लागते. नुसती ओढ असेल तर ते आकर्षण. नुसती बांधिलकी असेल तर स्टर्नबर्ग त्याला पोकळ प्रेम म्हणतात. चिठ्ठी सापडल्यावर पंधरा वर्षांच्या मुलीचे दुसऱ्याच कोणाशी लग्न लावतो, तेव्हा आपण तिच्या वाट्याला काय देतो? बांधिलकी, तीही दुसऱ्यांनी ठरवलेली. बाकीचे दोन कोपरे मिळाले तर तिचे नशीब.

'पण ठरवून केलेल्या लग्नातही प्रेम येते की!' असे तुम्ही म्हणाल. जरूर येते. उषा गुप्ता आणि पुष्पा सिंह यांनी १९८२ मध्ये जयपूरच्या पन्नास जोडप्यांना प्रश्नावली दिली. प्रेमविवाहांत प्रेमाचे गुण सुरुवातीला जास्त होते आणि लग्नाला पाच वर्षे उलटून गेलेल्या जोडप्यांत ते उतरलेले दिसले. ठरवून केलेल्या लग्नांत सुरुवात कमी गुणांनी होती, पण जुन्या जोडप्यांत ते चढलेले होते. हा अभ्यास फार गाजला. मात्र जोडपी थोडी होती, आणि त्याच जोडप्यांना वर्षानुवर्षे भेटून ही मोजणी केलेली नव्हती. २०१२ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांचा असाच एक अभ्यास झाला, त्यात दोन्ही प्रकारच्या जोडप्यांत काहीच फरक निघाला नाही. दोघांतही प्रेम भरपूर होते.

यातून 'ठरवलेले चांगले' किंवा 'जमवलेले चांगले' असा निकाल लागत नाही. लग्न कसे जमले यापेक्षा नंतर एकमेकांशी बोलणे किती होते, मान किती मिळतो, यावर बरेच अवलंबून असावे. आणि या अभ्यासांतली जोडपी सज्ञान माणसांची होती हे विसरता कामा नये. बालविवाहाच्या समर्थनाला ते आणता येणार नाहीत.

लग्नानंतर ओढ कायमची विझते, असेही नाही. २०१२ मध्ये सरासरी एकवीस वर्षे संसार झालेल्या आणि अजून प्रेमात आहोत असे सांगणाऱ्या १७ जणांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा जोडीदाराच्या फोटोने तोच डोपामिनचा भाग जागा झाला.

'एकतर्फी प्रेम' नावाची गोष्ट

१९९० साली उल्हासनगरला दहावीची परीक्षा देत असलेल्या मुलीला वर्गात शिरून जाळले गेले. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुणीला भररस्त्यात पेटवले गेले. दोन्ही वेळी वर्तमानपत्रांनी शब्द वापरला तो 'एकतर्फी प्रेम'. वर पाहिलेल्या त्रिकोणात हे कुठे बसते? ओढ असेलही. जवळीक नाही, कारण समोरच्याने दारच उघडलेले नाही. बांधिलकी एकट्याची असू शकत नाही. उरतो तो हट्ट आणि मालकी.

रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एकतर्फी ओढीच्या दोन्ही बाजूंच्या माणसांकडून अनुभव लिहून घेतले. ज्यांना नकार मिळाला होता, त्यांना वाटत होते की समोरच्याने आशा लावली होती. ज्यांनी नकार दिला होता, ते म्हणत की आम्ही स्पष्ट सांगितले होते, आणि तरी दुखावल्याबद्दल आम्हालाच अपराधी वाटत राहिले. म्हणजे ओढ असलेला माणूस नकार ऐकतो, पण तो त्याला नीट ऐकू येत नाही. 'तिच्या नाहीत हो असते' हे शिकवणारे सिनेमे या बहिरेपणात भर घालतात.

आमच्या जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली होत्या. पुढच्याच वर्षी गर्भलिंगनिदान आणि बेकायदा गर्भपाताच्या प्रकरणाने परळीचे नाव देशभर झाले. त्या वेळची बाळे आता वयात आली आहेत. मुलगे जास्त, मुली कमी. ज्याला नकार पचवायला कोणी शिकवले नाही अशा मुलाच्या वाट्याला नकार मात्र जास्त येणार आहेत. तेव्हा हा धडा मुलग्यांसाठी अधिक गरजेचा आहे.

वर्गात काय करता येईल?

दहावीला आपण प्रजननसंस्था शिकवतो, आकृतीला नावे देतो आणि घाईने पुढच्या पाठाकडे वळतो. त्याच तासाला जोडून काही गोष्टी सहज करता येतील.

एक : नाडी. मुलांना बसून नाडी मोजायला लावा. मग मैदानाला फेरी मारून. मग अचानक 'आता चाचणी घेणार' असे जाहीर करून. आकडे फळ्यावर मांडा आणि विचारा: नुसत्या आकड्यावरून धडधड कशाची, ते ओळखता येते का?

दोन : बाक. प्रत्येकाने नाव न घालता फक्त एवढेच लिहायचे की आपले तीन जवळचे मित्र किंवा मैत्रिणी आपल्यापासून किती बाके दूर बसतात. एकत्र आकडे मांडून आलेख काढा. पुढच्या महिन्यात बैठकव्यवस्था बदला आणि सत्राच्या शेवटी आलेख पुन्हा काढा.

तीन : प्रश्नपेटी. निनावी प्रश्न टाकायची खोकी ठेवा आणि आठवड्यातून एकदा उत्तरे द्या. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू करून जवळजवळ शेवटपर्यंत असल्या प्रश्नांना सरळ भाषेत उत्तरे दिली. त्यापायी त्यांच्यावर खटलेही झाले. आज आपल्यावर तशी वेळ येणार नाही.

चार : 'नाही'चा सराव. दोघांनी नाट्यप्रवेश करायचा. एकाने काही मागायचे, दुसऱ्याने नम्रपणे आणि स्पष्ट नकार द्यायचा, पहिल्याने 'बरं' म्हणून तो स्वीकारायचा. वही मागण्यापासून सुरुवात करा. नकार देणे आणि घेणे, दोन्ही शिकता येते.

कायदाही मुलांना माहीत असू द्या. २००६ च्या कायद्याप्रमाणे लग्नाचे वय मुलीला १८ आणि मुलाला २१. अठराच्या आतल्या व्यक्तीशी शरीरसंबंध, मग तिची संमती असली तरीही, २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. हे धमकी म्हणून सांगू नये, माहिती म्हणून सांगावे. वर्गातल्या एखाद्या मुलीचे लग्न ठरल्याचे कानावर आले, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर कळवता येते. ते कुणीही कळवू शकते.

आणि चिठ्ठी हाती आली तर? ती वर्गात वाचून दाखवू नये. मुलाला आणि मुलीला वेगवेगळे बसवून शांतपणे बोलावे. जे वाटते आहे ते या वयात वाटतेच. त्याला प्रेम म्हणायचे की नाही हे ठरवायला अजून पुष्कळ वेळ आहे, हे दोघांना सांगावे. घरी कळवण्याची वेळ आलीच, तर आधी मुलीच्या आईशी बोलावे, आणि बोलणे तिच्या दहावीवर आणावे. हंगामी वसतिगृहात जागा आहे का, मैत्रिणीच्या घरी सोय होते का, हे त्याच बैठकीत पाहून ठेवावे. ऊसतोडीची गाडी गावातून निघण्याआधी एवढे जमले, तर ती मुलगी पुढच्या सोमवारी पुन्हा बाकावर दिसते.